फोन उचलायचं बटण

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. तुझा कान फोनला दाद देत नाही, मोबाईलवर पाठवलेलं तू उघडत नाहीस, मग माणसाने करायचं काय? म्हटलं, पत्रच लिहावं. वाचायचा कंटाळा तुला कधी नव्हता.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच खोटं कशाला बोलू. माझ्या गाडीतला जुना स्टिरिओ मेला. बाजारातून नवा आणून बसवून घेतला, मोठ्या पडद्याचा. आवाज छान आहे, मोबाईल त्याला आपोआप जोडला जातो. पण स्टिअरिंगवर जी बटणं असतात ना, आवाज कमी-जास्त करायची, गाणं पुढे ढकलायची, फोन उचलायची, ती सगळीच्या सगळी मेली. जुन्या स्टिरिओवर व्यवस्थित चालायची. बसवणाऱ्याकडे गेले तर तो म्हणतो, ताई, तुमचं स्टिअरिंग खराब आहे. नाचता येईना अंगण वाकडं! कंपनीच्या गॅरेजात गेले तर ते म्हणतात, बाहेरचा माल बसवलात, आम्ही हात लावणार नाही. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मी मधल्या मध्ये लटकलेय.

तू जन्मभर गाड्यांच्या वायरिंगमध्ये डोकं घालून बसलास. मला सांग, सुरुवात कुठून करू? मी स्वतः करणार आहे, आता कुणाच्या दारात जायचं नाही असं ठरवलंय. फक्त जरा लवकर सांग. गाडी चालवताना गाण्यांचा आवाज कमी-जास्त करायला त्रास होतो.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते.

भिंगरी


१० फेब्रुवारी

भिंगरे,

खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र शेजारच्या शिंप्याने वरून हाका मारमारून शेवटी माझ्या पाठीवर टाकलं. हाका मला ऐकू येत नाहीत हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, आता काय कळणार.

गाण्यांसाठी एवढा खटाटोप? बरं, असो. मामाला विचारलंस तर मामा सांगणारच.

पहिली गोष्ट. हॉर्न वाजतो का? आणि गाडी चालू केल्यावर समोर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो का? कारण स्टिअरिंगच्या पोटात एक चपटी पट्टी गुंडाळलेली असते. हॉर्न, बटणं आणि एअरबॅग या तिघांचा करंट तिच्यातूनच जातो. पट्टी तुटली की हॉर्नही जातो आणि दिवाही लागतो. हॉर्न ठणठणीत असेल आणि दिवा विझत असेल, तरीही स्टिअरिंगला कुणी नावं ठेवली तर त्याला माझ्याकडे पाठव. आणि हे नीट ऐक, काही झालं तरी स्टिअरिंग स्वतः उघडायचं नाही. एअरबॅग तोंडावर फुटली तर नाक शोधत बसावं लागेल.

दुसरी गोष्ट. बॅटरीची निगेटिव्ह काढ आणि स्टिरिओ बाहेर ओढ. मागे वायरींचा झुपका असतो. गाडीकडून आलेली बटणांची वायर आणि स्टिरिओची 'की' लिहिलेली वायर, या दोघींची गाठ पडायला हवी. शिवाय बटणांची अर्थ, म्हणजे शेवटी गाडीच्या पत्र्याला जाणारी वायर, घट्ट हवी. घाईत काम उरकणारी माणसं 'की'च्या वायरीला टेप गुंडाळतात आणि मागे कोंबून मोकळी होतात. माझी पैज आहे, तुझ्या त्या दुकानदाराने हेच केलंय. चोराच्या उलट्या बोंबा.

आता माझा प्रश्न. माझी धाकटी, तुझी आई, स्वतः का लिहीत नाही? मी पाठवलेल्या दोन पत्रांचं उत्तर नाही. पूर्वी पानंच्या पानं लिहायची आणि शेवटी कडेच्या कोऱ्या जागेत आडवं लिहायची. रागावली आहे का माझ्यावर?

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

पैज जिंकलास. टेपच निघाली. काळी, चिकट, नवीकोरी. सोडवली तर आत वायरीचं टोक सोललेलंसुद्धा नव्हतं. म्हणजे त्या माणसाने जोडायचा विचारही केला नव्हता आणि माझ्या तोंडावर मला सांगत होता की स्टिअरिंग खराब आहे! त्याला जाऊन चार शब्द सुनावणार होते, पण तेवढा वेळ कुणाला आहे.

हॉर्न वाजतो. दिवा विझतो. तू सांगितलंस तशी वायर जोडली, अर्थ साफ करून घट्ट केली. पण अजून बटणांना जीव नाही. एकदा आवाजाचं बटण दाबलं तर गाणं बदललं. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. फोनचं बटण तर ढिम्म. आगीतून उठून फुफाट्यात आल्यासारखं झालंय. वायर चुकीची जोडली का मी? कुठली कुठे गेली हे कसं ओळखायचं?

आई रागावलेली वगैरे नाही. डोळे दुखतात तिचे, म्हणून लिहीत नाही. एवढंच.

मामा, जरा लवकर सांग रे.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद. घाबरू नकोस, मार्गावर आहेस.

स्टिअरिंगमध्ये दर बटणाची वेगळी वायर नसते. वायर एकच, फक्त दर बटणामागे वेगळा अडथळा बसवलेला असतो. किती अडथळा आला त्यावरून स्टिरिओ ओळखतो की कुठलं बटण दाबलं. पण कुठल्या अडथळ्याला काय करायचं हे त्या नव्या स्टिरिओला कुणीतरी शिकवावं लागतं. त्याच्या पडद्यावर सेटिंगमध्ये स्टिअरिंगचं चित्र असेल. तिथे जाऊन आधी पडद्यावर काम निवडायचं, मग ते बटण दाबायचं. हिरवी खूण आली की शिकला. तुझ्या बाबतीत बहुतेक अर्धवट शिकलेला आहे, म्हणून आवाज मागितला तर गाणं देतो.

पण शिकवण्याआधी मीटर लाव. ओहमवर, म्हणजे अडथळा मोजायच्या खुणेवर ठेव. एक टोक बटणांच्या वायरीला, एक अर्थला. दर बटणाला वेगळा आकडा आला पाहिजे आणि बटण दाबून ठेवलंय तोवर हलता कामा नये. आता हे एकट्याने होत नाही. एकाने सीटवर बसून बटण दाबायचं आणि दुसऱ्याने खाली वाकून मीटर बघायचा.

त्यासाठी धाकटीला बसव. हसू नकोस. तुझ्या आईएवढं चांगलं बटण दाबणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही. मी गॅरेज काढलं तेव्हा मदतनीस ठेवायची ऐपत नव्हती. ही कॉलेजातून यायची आणि थेट गाडीत जाऊन बसायची. मी बॉनेटखालून ओरडायचो, दाब! ती म्हणायची, दाबलं! मग मी सोड म्हणेपर्यंत सोडायची नाही. एकदा ब्रेकवर पाय ठेवायला सांगून मी चहा प्यायला गेलो, विसरूनच गेलो. परत येऊन बघतो तर बाईसाहेब रडवेल्या होऊन पाय ठेवून बसलेल्या. पण उचलला नव्हता. त्या दिवशी मला आईच्या हातचा मार बसला.

आणि काय गं, सारखी घाई घाई काय लावली आहेस? गाण्यांसाठी कुणी एवढं कासावीस होत नाही. फोनच्या बटणाचा उल्लेख दोन्ही पत्रांत आहे, मी बहिरा आहे, आंधळा नाही. कुणाचा फोन येतो एवढा? या वयात का होईना, कुणी भेटला असेल तर मामाला आधी सांग. मी धाकटीची समजूत घालीन.

मामा


९ मार्च

मामा,

तुझी थट्टा वाचून मी रडले. तुझा दोष नाही. मीच तुला अंधारात ठेवलं.

फोन आईचा येतो.

तिचे डोळे दुखत नाहीत. तिला आठवत नाही. आधी नुसतं विसरणं होतं, चष्मा कुठे, गॅस बंद केला का, आपण सगळेच विसरतो तसं. मग मला ताईच्या नावाने हाक मारायला लागली, म्हणजे तिच्या ताईच्या. आता सकाळी चांगली असते आणि दुपारनंतर तिचं भान सुटतं. तुला लिहायला बसवलं होतं, मामा, खोटं नाही सांगत. कागदावर 'दादा' लिहिलं आणि मग बराच वेळ पेन धरून बसली. तो कागद तुला कसा पाठवणार होते मी?

मी दवाखान्यांमधून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवते, तुला माहीत आहे. दिवसभर गाडीत असते. आईकडे मोठ्या आकड्यांचा फोन ठेवलाय, एकच बटण दाबलं की मला लागतो. दुपारी तिला भीती वाटायला लागली की ती दाबते. मी उचलला आणि म्हटलं, आई, आलेच मी, तू बस, तर ती बसते. खरंच बसते. पण नाही उचलला तर मला शोधायला बाहेर पडते. एकदा पुलाच्या मध्यावर अनवाणी सापडली. एकदा शाळेच्या फाटकाशी उभी होती, मला घ्यायला आली होती म्हणे.

मोबाईल हातात धरून बोलताना प्रयोगशाळेच्या साहेबाने मला पाहिलं आणि ताकीद दिली, पुन्हा दिसलीस तर घरी बस. कानात काही घालून चालवायलाही त्यांची बंदी. या स्टिरिओत फोन आपोआप उचलायची सोय नाही, मी शोधून शोधून दमले. पडद्यावरची फोन उचलायची हिरवी खूण एवढीशी, तिच्याकडे बघायला गेले आणि सायकलवाल्याच्या अंगावर गाडी घातली होती जवळजवळ. म्हणून ते बटण पाहिजे, मामा. अंगठ्याखाली असतं, नजर रस्त्यावरून हलवावी लागत नाही.

बाई ठेवून पाहिली. दोघींना आईने चोर म्हणून हाकललं. वृद्धांच्या केंद्रात गेले, ते म्हणाले, बाहेर निघून जाणारं माणूस आम्ही घेत नाही. घरमालकीण म्हणते, बाहेरून कुलूप लावून जा, नाहीतर घर सोडा, उद्या काही झालं तर पोलीस आमच्या दारात येतील. तिचंही चूक नाही. पण मला आईला कोंडून जायचं नाही. मी मेले तरी कोंडणार नाही असं मी तिच्या तोंडावर सांगून आलेय.

आता ऐक. मीटर लावला. आईला सीटवर बसवलं. मनात म्हणत होते, हिला काय जमणार, आज तर मला ओळखलंही नाही. मी खाली वाकून म्हटलं, दाब. आणि वरून आवाज आला, दाबलं! अगदी ठणठणीत. सगळी बटणं तिने एकेक करून दाबली, एकदाही चुकली नाही. आकडे सगळे वेगळे, सगळे स्थिर. मग स्टिरिओला शिकवलं, ती दाबत होती आणि मी पडदा बघत होते, दरवेळी हिरवी खूण आली. मग मी तिच्या फोनवरून माझा नंबर लावला आणि गाडीसमोर उभी राहिले. तिने बटण दाबलं आणि फोन उचलला गेला! माझा आवाज गाडीभर घुमला. ती काचेतून माझ्याकडे बघत होती आणि विचारत होती, अगं, कुठे आहेस तू? पण मला इतका आनंद झाला होता की मी तिकडे लक्षच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तिचा फोन आला. मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. वाजून वाजून बंद झाला. गाडी बाजूला घेऊन मी फोन लावला तोवर ती निघाली होती. खालच्या मजल्यावरच्यांनी चौकातून परत आणली. घरी येऊन आईला गाडीत बसवून पाहिलं तर बटण चालतंय! उभ्या गाडीत चालतं, रस्त्यावर चालत नाही. दुकानदाराला फोनवर विचारलं तर म्हणतो, हादऱ्याने वायर सुटत असेल. सगळे जोड पुन्हा केले, टेप लावली, हलवून पाहिले. तरी तेच. मामा, मी हात टेकले. घरमालकिणीने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. आता तूच काहीतरी सांग.

भिंगरी


१५ मार्च

भिंगरे,

पोरी, काय लिहू? तुझं पत्र तीनदा वाचलं. माझी धाकटी.

आधी कामाचं सांगतो, मग बाकीचं, नाहीतर मला लिहवणार नाही.

तुझी वायरिंग ठीक आहे. हादऱ्याचा काही संबंध नाही. उभ्या गाडीत बटण कोण दाबतं? धाकटी. रस्त्यावर कोण? तू. तुमच्या दाबण्यात फरक आहे. तू टिचकी मारल्यासारखं दाबतेस. ती सोड म्हटल्याशिवाय सोडत नाही. मीच तिला तसं शिकवलंय. आता या नव्या स्टिरिओंची गोम अशी की थोडं दाबणं आणि दाबून धरणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी बटणं. शिकवताना ते बघतात की बोट किती वेळ होतं. धाकटीने मीटरच्या वेळी धरलं तसंच शिकवतानाही धरून ठेवलं आणि स्टिरिओने सगळी कामं 'दाबून धरलं तर' म्हणून लिहून घेतली. तू टिचकी मारतेस, तो म्हणतो, मला असं कुणी शिकवलंच नाही. माझ्या शेवटच्या वर्षांत एक गाडी अशीच आली होती, तिने मला आठवडाभर रडवलं होतं.

जुनं सगळं पुसून टाक आणि पुन्हा शिकव. तू स्वतः दाब, एकदा टच, झालं. धाकटीला तेवढा वेळ शेजारी बसव, पण बटण तिला देऊ नकोस.

आता बाकीचं. मी यायला हवं होतं. तुला सांगितलं नाही, पण कान गेला तेव्हा त्याच्याबरोबर तोलही गेला. उभा राहिलो की जमीन फिरते. भिंतीला धरून संडासापर्यंत जातो, ही माझी कालची मजल. प्रवास कुठला करतोय. आपण दोघं एकमेकांपासून लपवत बसलो, घरोघरी मातीच्या चुली.

एकच मागतो. कुलूप लावू नकोस. ती मला शोधायला बाहेर पडली किंवा तुला, पण कुणालातरी शोधायला पडते ना. दार उघडलं नाही तर तिला वाटेल आपल्याला टाकून दिलं. बटण चालेल बघ. नक्की चालेल. चाललं की दोन ओळी लिही.

मामा


१२ एप्रिल

भिंगरे,

आशीर्वाद. दोन ओळी म्हटलं होतं, एकही आली नाही. म्हणजे सगळं सुरळीत झालं आणि तू मामाला विसरलीस, असं मी धरून चाललोय. गरज सरो, वैद्य मरो! असं असेल तर मी रागावणार नाही, उलट खूशच आहे.

शिंप्याला मी सांगितलं की भाचीने स्वतः गाडीचं वायरिंग केलं. त्याचा विश्वास बसेना. मी म्हटलं, रक्त कुणाचं आहे.

मी इथे भिंतीला धरून चालायचा सराव करतोय. जरा जमलं की कुणाला तरी घेऊन येईन म्हणतो. धाकटीला सांग, दादा येतोय. समजलं नाही तरी सांग.

पत्र टाक गं.

मामा


२ मे

मामा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. लिहायला बसायचे आणि उठायचे. तू खूश आहेस हे वाचलं की पुढे हात चालायचा नाही. पण आता सांगून टाकते.

तू म्हणालास तेच होतं. पुसलं, पुन्हा शिकवलं, एकेक टिचकी. बटण चालतं. तुला काय सांगू, त्या दिवशी पहिल्यांदा आईचा फोन आला, मी वळणावर होते, अंगठा हलवला आणि तिचा आवाज गाडीत आला. कुठे आहेस? मी म्हटलं, आलेच आई, बस तू. बसते, म्हणाली. मी सिग्नलला थांबून मोठ्याने तुझ्या नावाने ओरडले. शेजारच्या गाडीतला माणूस बघत राहिला.

काही दिवस मजेत गेले. रोज दुपारी फोन, रोज टिचकी, रोज बस तू आई. घरमालकीण पण नरमली होती. मला वाटलं, जमलं. इतकं मला आयुष्यात दुसरं काही हवं नव्हतं.

मग एक दिवस फोन उचलला तर म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, आई, मी. तर म्हणाली, मी कोण? मला माझ्या मुलीशी बोलायचंय. मी म्हटलं, अगं मीच ती. नाही हो बाई, ती लहान आहे, शाळेतून आली नाही अजून. मी काहीबाही बोलत राहिले, तुझं नाव घेतलं, गॅरेजचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं, मीच बघते जाऊन. फोन तसाच टेबलावर ठेवला, बंद केला नाही. आणि मग मला ऐकू आली कडी. गाडीतल्या सगळ्या स्पीकरमधून. कडी काढली, दार उघडलं, ती पावलं टाकत जिना उतरायला लागली. मी आई, आई करून ओरडत होते. माझा आवाज रिकाम्या खोलीत जात असणार. मी उड्डाणपुलावर होते, पुढे गाड्या, मागे गाड्या, डबा नमुन्यांनी भरलेला. खालच्या मजल्यावरचे बाहेर गेले होते. पुढे मला फक्त पंख्याचा आवाज येत होता.

बेकरीवाल्याने तिला उचललं. रस्ता ओलांडताना पडली होती, एक दुचाकी तिला घासून गेली. मनगट मोडलं आणि कपाळावर टाके पडले. दवाखान्यात मला बघून म्हणाली, बाई, तुम्ही खूप चांगल्या आहात, पण आता मला घरी जाऊ द्या, मुलगी येईल. मी तिथेच जमिनीवर बसले.

कुलूप लावलंय, मामा. तू नको म्हणाला होतास. मीही मेले तरी लावणार नाही म्हणाले होते. मी लावलं आणि मेले नाही. जेवण झाकून ठेवते, गॅसची नळी बंद करते, खिडकीतून बाहेरचं दिसेल अशी खुर्ची ठेवते आणि बाहेरून कुलूप घालून किल्ली खालच्या मजल्यावर देते. जिना उतरताना मागे बघत नाही. माझ्याकडे दुसरा उपाय उरला नाही. तुला कितीही वाईट वाटलं तरी मला शिव्या देऊ नकोस, मी स्वतःला रोज देते.

फोन येतो रोज. आता दिवसातून कितीतरी वेळा येतो. ते बटण कसं दाबायचं हे तिचं बोट विसरलेलं नाही. मी पहिल्या रिंगला उचलते. ती हळू आवाजात बोलते, कुणी ऐकेल म्हणून. म्हणते, बाई, मला कुणीतरी कोंडून ठेवलंय. दार उघडत नाही. मी पहिल्या दिवशी सांगून पाहिलं की आई, मीच लावलंय, तू पडतेस म्हणून. ती इतकी घाबरली की तिने फोन टाकला. तेव्हापासून मी सांगत नाही. ती म्हणते, माझ्या मुलीला कळवाल का? मी म्हणते, कळवते. ती येईल ना? येईल, म्हणते मी, संध्याकाळी येईल, तोवर तुम्ही खुर्चीत बसा. आईला तुम्ही म्हणते मी, मामा. तू म्हटलं की तिला वाटतं मी कुणीतरी आगाऊ बाई आहे.

काल ती बसली. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मी गाडी चालवत होते. मग म्हणाली, तुमचे उपकार आहेत हो. तुम्ही निदान लगेच फोन उचलता. माझी मुलगी कधी उचलतच नाही.

भिंगरी